पुनर्जन्म, पुनरुज्जीवन की पुनरुत्थान?

प्रश्न असा आला आहे : स्टॅन्ली स्पेन्सर या इंग्रज चित्रकाराच्या ‘द रेझरेक्शन, कुकम’ या चित्राचं नाव मराठीत ‘पुनर्जन्म’ असं दिलेलं दिसलं, ते बरोबर आहे का? ‘पुनरुज्जीवन’ चालेल का?

‘पुनर्जन्म’ साफ चूक आहे. पुनर्जन्मात जुना देह सुटतो, नवा मिळतो आणि आधीची नाती पुसली जातात. ख्रिस्ती श्रद्धेत मेलेला माणूस त्याच ओळखीसह उठतो. मराठी बायबलमध्येही ‘मेलेल्यांतून उठला’ असंच येतं आणि नाम म्हणून ‘पुनरुत्थान’ रूढ आहे. आपले ख्रिस्ती बांधव ईस्टरच्या संदर्भात हाच शब्द वापरतात. पुनर् + उत्थान, म्हणजे पुन्हा उठणं.

हे चित्र बघितलं की शब्दाची निवड आपोआप होते. 1924 ते 1927 या काळात काढलेलं, सुमारे साडेपाच मीटर रुंदीचं हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. थेम्सकाठचं कुकम हे स्पेन्सरचं जन्मगाव. तिथल्या चर्चच्या दफनभूमीत गावकरी थडग्यांतून बाहेर येताहेत. घाईगर्दी नाही, भय नाही. चर्चच्या भिंतीपाशी एक बायको नवऱ्याच्या कोटावरची माती झटकते आहे! कोट तोच, नवरा तोच, तिची सवयही तीच. या एका तपशिलापुढे ‘पुनर्जन्म’ टिकतच नाही. स्पेन्सरची पत्नी हिल्डा वेलींनी वेढलेल्या थडग्यावर अजून पहुडलेली आहे, आणि तो स्वतः विवस्त्र, थडग्याच्या दगडांना टेकून उभा आहे.

‘पुनरुज्जीवन’ अर्थाने जवळचं आहे, पण ते आपण नदीचं, कलेचं, बंद पडलेल्या संस्थेचं करतो. तिथे करणारा बाहेरचा असतो. या चित्रातली माणसं आपली आपण उठताहेत.

शीर्षक करताना एक काळजी घ्यावी. ‘कुकमचे पुनरुत्थान’ असं लिहिलं तर गावाचाच उत्कर्ष झाल्यासारखं वाटेल, कारण राष्ट्राचं, समाजाचं पुनरुत्थान ही भाषा आपल्याकडे रुळलेली आहे. मी ‘पुनरुत्थान : कुकम’ असं लिहीन. इंग्लंडमधल्याच बर्गक्लेअर गावच्या सँडहॅम स्मारक चॅपेलमधल्या (छोट्या प्रार्थनागृहातल्या) स्पेन्सरच्या भित्तिचित्राला मात्र ‘सैनिकांचे पुनरुत्थान’ हे नाव खुशाल द्यावं. पहिल्या महायुद्धातले मृत सैनिक तिथे आपापले पांढरे क्रूस हातात घेऊन खरोखरच उठताना दाखवले आहेत.