पॅसिफिक महासागरातल्या तुवालूसारख्या छोट्या देशात रोगांचा राष्ट्रीय भार कसा मोजतात?
पद्धत मोठ्या देशांचीच, डॅलीची (DALY, म्हणजे आजारांमुळे हरवलेली निरोगी आयुष्याची वर्षं): अकाली मृत्यूने गमावलेली वर्षं अधिक आजारपणात काढलेली वर्षं (तीव्रतेनुसार वजन देऊन), फक्त तीन ते पाच वर्षांचे आकडे एकत्र धरावेत. तुवालूची वस्ती जेमतेम १०-११ हजार, आपल्या मुंबईच्या एकेका वॉर्डात लाखो. तिथे एक बोट बुडाली तरी त्या वर्षीचा अपघाती मृत्युदर कुठल्या कुठे जातो. मी मृत्यूच्या दाखल्यांवरील कारणांना आयसीडी (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे) कोड देते. नुसतं ‘हृदय बंद पडले’ लिहिलेलं असलं की मूळ आजार हरवतो, आणि छोट्या देशात असे दहा दाखलेही चित्र बिघडवतात. मात्र जागतिक अहवालांतले अशा देशांचे आकडे बरेचदा शेजारी देशांच्या माहितीवरून मॉडेलने काढलेले असतात. सोबतची अनिश्चिततेची मर्यादा (खरा आकडा किती ते किती असू शकतो) न पाहता क्रमवारी लावू नका.