जर्मन क्रियापदे: पहिले पंधरा दिवस

कर्त्यानुसार बदलणारे क्रियापद आपल्याला मराठीमुळे सवयीचेच आहे, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. आधी 'लेर्नन', म्हणजे शिकणे, हे एकच क्रियापद पक्के करा: इश (मी) लेर्नं, डू (तू) लेर्न्स्ट, एअर (तो) लेर्न्ट, वीअर (आम्ही) लेर्नन, ईअर (तुम्ही सगळे) लेर्न्ट, झी (ते) लेर्नन. इंदूरला राजवाड्याहून पलासियाला जाताना मी हीच सहा रूपे पुटपुटत असे. 'तू शिकतोस' मधला 'स' आणि 'डू लेर्न्स्ट' मधला 'स्ट' शेजारी ठेवून म्हणा, म्हणजे ते रूप विसरणार नाही.

आपल्याकडची सर्वांत मोठी चूक म्हणजे 'मी शिकत आहे' याचे 'इश बिन लेर्नं' असे शब्दशः रूपांतर करणे. जर्मनमध्ये 'मी शिकतो', 'मी शिकते' आणि 'मी शिकत आहे' या तिन्हींसाठी 'इश लेर्नं' एवढेच पुरते, तिथे 'बिन' लागत नाही.

'झाइन' (असणे; वरचे 'बिन' याचेच रूप) आणि 'हाबन' (जवळ असणे) मात्र नियमात बसत नाहीत, म्हणून पाठच करा:
- बिन, बिस्ट, इस्ट, झिंट, झाइट, झिंट
- हाबं, हास्ट, हाट, हाबन, हाब्ट, हाबन

वडीलधाऱ्यांशी आणि अनोळखी माणसांशी 'डू' नव्हे, आदरार्थी 'झी' (आपण) वापरा; त्याचे रूप 'ते' या अर्थाच्या 'झी' सारखेच. 'फारन' (वाहनाने जाणे) चे 'डू फेअर्स्ट' होते तसे स्वर बदलणारी क्रियापदे सध्या बाजूला ठेवा.