कार्ड राहू दे, आधी श्वास शीक

स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे हवेचं सिलिंडर लावून समुद्रात खोल उतरायला, प्रशिक्षण घेतल्याचं कार्ड हवंच का, असं विचारलंस. अरे, समुद्र कार्ड बघत नाही. पण शिकल्याशिवाय उतरू नकोस. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधली हवा छातीत भरून श्वास रोखलास आणि घाबरून वर आलास, तर तीच हवा दुप्पट फुगते, फुप्फुस फाटू शकतं. पट्टीच्या पोहणाऱ्यांना श्वास रोखायची सवय असते, तीच इथे घात करते. माझ्या मास्कमध्ये पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा मी वरच सुटलो होतो. प्रशिक्षकाने जॅकेट धरून ठेवलं म्हणून बरं. मित्रही शिकवेल, पण त्याने काय गाळलं हे तुला कळणार कसं? ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स कर. तो १८ मीटर खोलीपर्यंतचा असतो. आणि हो, कार्ड नसेल तर बहुतेक ठिकाणी सिलिंडरही भाड्याने मिळत नाही.