आईच्या सुपाला हात लावू देत नाहीत

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. विड्या वळणारी माझी आई जाऊन चौदा महिने झाले. चादर कारखान्यातून निवृत्त झालेले वडील वर्षश्राद्धानंतरही तिच्या सुपाला आणि कात्रीला कोणाला हात लावू देत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत आणि जेवणही निम्म्यावर आले आहे. समुपदेशकाकडे चला म्हटले, की ‘बोलून काय ती परत येणार आहे?’ असे विचारतात. त्यांना काय सांगावे?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ती परत येणार नाही, हे मान्य करूनच बोला; मात्र तिला विसरायला लावणे हे समुपदेशकाचे काम नाही, हेही स्पष्ट सांगा. दुःख ओसरले तर ती आपल्याला आणखी दुरावेल, अशी भीती त्यांच्या नकारामागे असू शकते.

सूप जपणे हा आजार नव्हे. मला काळजी वाटते ती घटलेल्या जेवणाची आणि माणसांशी तुटलेल्या संपर्काची. मृत्यूनंतर किमान ६ महिने उलटूनही, आणि आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे अधिक काळ, गेलेल्या व्यक्तीची तीव्र ओढ टिकून रोजचे जगणे अडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनुसार दीर्घकालीन शोकविकाराचा विचार केला जातो. नैराश्य किंवा शारीरिक आजारही असू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले, की शोक करणारा माणूस कधी गेलेल्या व्यक्तीकडे, तर कधी बदललेल्या संसाराकडे वळतो आणि ही ये-जा आवश्यक असते. वडिलांची ये-जा थांबलेली दिसते. शोकासाठीच्या समुपदेशनात ते आईच्या शेवटच्या दिवसांविषयी, मनात राहून गेलेल्या बोलण्याविषयी सावकाश सांगू शकतील. टाळलेल्या जागी पुन्हा जाण्याचा, जसे तिच्यासोबत जात असतील तर सिद्धेश्वर मंदिरात जाण्याचा, सराव समुपदेशक त्यांच्या गतीने करून घेतील. सुरुवातीच्या काही भेटींनंतर रडू वाढले, तर उपचार फसला असे समजू नका.

सूप कधी हलवायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. नातेवाइकांचे ‘आता सावरा’ मात्र थांबवा. ‘आईविषयी सांगायला एकदाच चला’ एवढेच म्हणा आणि सोबत जा. तयार झाले नाहीत, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर आधी तुम्ही बोला. तेथे मराठीतही बोलता येते. मरणाचे विचार येतात का, हे वडिलांना थेट विचारा; उत्तर होकारार्थी असेल, तर त्यांना एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.