शुक्रवारी पाहिलेले रविवारी सांगताना

बेळगाव

प्रिय तरुण मित्रास,
अनेक आशीर्वाद.

दर रविवारी नव्या चित्रपटांविषयी बोलण्याचे काम सामुदायिक रेडिओ केंद्राने तुझ्याकडे सोपवल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही, पण त्यामुळेच तू नेमके कोणाशी बोलणार आहेस हे तुला ठाऊक असते. वडगाव-शहापूरकडे मागावर बसलेला विणकर तुझे बोलणे ऐकत असेल, तर खडखडाटात त्याचे अर्धे वाक्य हरवणारच. म्हणून चित्रपटाचे नाव आरंभी, मध्ये आणि शेवटी असे तीनदा घे.

वृत्तपत्राच्या वाचकाला मागे जाऊन ओळ पुन्हा वाचता येते, शेजारी छायाचित्रही असते. तुझ्या श्रोत्याकडे यांपैकी काहीच नाही. त्यामुळे ‘नयनरम्य छायाचित्रण’ यासारखे शब्द त्याच्या कानावरून नुसते वाहून जातात. त्याऐवजी मध्यंतरापूर्वीचा एकच प्रसंग निवड आणि तो सावकाश सांग. म्हातारा बाप फलाटावरच्या बाकावर बसला आहे, मुलाची गाडी सुटते, पण कॅमेरा गाडीमागे न जाता बापाच्या हातात राहून गेलेल्या जेवणाच्या डब्यावर थांबतो, एवढे सांगितलेस तर दिग्दर्शकाची नजर कशी आहे हे श्रोत्याला आपोआप कळते आणि तुझे मत त्याला पारखून घेता येते.

आपल्या भागात आणखी एक जबाबदारी येते, आणि तिच्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो. इथल्या चित्रपटगृहांत मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषांचे चित्रपट लागतात व एकाच घरातील माणसे तिन्ही पाहतात. तरुणपणी मी एका कन्नड चित्रपटातील पात्राला ‘निव्वळ विनोदासाठी आणलेले’ म्हणून दोन वाक्यांत निकालात काढले होते. दुसऱ्या दिवशी एका वृद्ध श्रोत्याने मला थांबवून समजावले की ते पात्र आपल्याकडची धारवाडी धाटणीची कन्नड बोलत होते, नायक मात्र बेंगळुरू-म्हैसूरकडची, आणि प्रेक्षकांना हसवले जात होते ते आपल्याच बोलीला. मला ते ऐकूच आले नव्हते, याची खंत आजही वाटते. आपल्या सीमाभागातील मराठीही पडद्यावर पुष्कळदा अशीच हसण्यापुरती येते. म्हणून कोणते पात्र कोणत्या गावची भाषा बोलते आणि कशासाठी, हे प्रत्येक चित्रपटात कान देऊन ऐक; कन्नड संवाद पुरते समजले नाहीत तर जाणकाराला सोबत घेऊन दुसरा खेळ पाहा. या दोन भाषांचे चित्रपटांतील नाते जुने आहे. कन्नडमधील पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ 1934 साली प्रदर्शित झाला, आणि त्याचे चित्रीकरण कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये झाले होते.

प्रमाणपत्राचा उल्लेख मात्र न विसरता आणि थोडक्यात कर. 2024 च्या नियमांनुसार यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने मुलांनी पाहावा अशा चित्रपटाला मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे वयानुसार तीन गट झाले आहेत, आणि मुलांना न्यावे की नाही हे ठरवताना पालकांना या आकड्याचा उपयोग होतो. तिकीट स्वतःच्या पैशाने काढ व शुक्रवारचा खेळ सामान्य प्रेक्षकांत बसून पाहा. निर्मात्याच्या खास खेळाला मिळालेल्या टाळ्यांवरून काही ठरवता येत नाही.

तुझ्या आठ मिनिटांच्या बोलण्याला सुमारे नऊशे शब्द पुरतात, त्यामुळे कथानक दीड मिनिटात आटोपले पाहिजे. पहिला मसुदा माझ्याकडे जरूर पाठव. त्याआधी तो घरातील कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांग, स्वतः डोळे मिटून ऐक, आणि ज्या वाक्यापाशी तुला काहीच दिसणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करून ठेव. आपण बोलायला बसू ते त्या खुणांपासून.

तुझा शुभचिंतक