तेजोमेघाची लाली छायाचित्रात का उतरत नाही?

प्रश्न : अंबाजोगाईजवळच्या शेतातून साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने मृगातील तेजोमेघ (अवकाशातील वायू-धुळीचा चमकणारा ढग) छान येतो, मग हंस तारकासमूहातील ‘उत्तर अमेरिका’ नावाचा तेजोमेघ राखाडी का दिसतो?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : दोष आपल्या आकाशाचा नाही. या तेजोमेघाची लाली मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची असते आणि त्वचेचे रंग नैसर्गिक दिसावेत म्हणून कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या संवेदकापुढे बसवलेली काच नेमका त्यातलाच बराचसा प्रकाश अडवते. मृगातील तेजोमेघ मुळातच तेजस्वी आहे, शिवाय त्याच्या गाभ्यातील ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश त्या काचेतून सहज जातो. जाणकाराकडून काच बदलून घेता येते. परंतु आधी आकाशाच्या गतीने फिरणाऱ्या माउंटवर (कॅमेरा बसवण्याच्या आधारावर) पैसे खर्चावेत आणि प्रत्येकी दोन-तीन मिनिटे प्रकाश टिपलेली अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र करून पाहावीत, असे आमचे मत आहे. हंस रात्री माथ्यावर येतो तो ऐन पावसाळ्यात; त्यामुळे ऑक्टोबरमधील निरभ्र संध्याकाळ साधावी.