ताप उतरला, पण विषाणू?

प्रश्न : भुसावळहून ट्रक चालवतो. बाहेरगावी एकदा चूक झाली. दहाव्या दिवशी एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली. नंतर ताप, पुरळ, मानेत गाठी. आठवड्यात सगळं गेलं. आता काळजी नाही ना?

भाऊ, तो ताप एचआयव्हीचाच असं मी म्हणत नाही; पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूही असाच येतो. पण दहाव्या दिवसाच्या रिपोर्टवर विसंबू नका. तेव्हा रक्तात अँटिबॉडी, म्हणजे तपासणीत सापडणारी विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं, तयारच झालेल्या नसतात. आज पुन्हा तपासा आणि ९० दिवस भरल्यावर आणखी एकदा. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. तोवर निरोध वापरा, रक्तदान टाळा.

प्रश्न : मी धुळ्यात बी.एस्सी. करते. सुरुवातीच्या संसर्गात सायटोकाइन शरीराच्या बाजूने असतात की विषाणूच्या?

प्रश्न आवडला. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले सांगावे. एचआयव्ही रक्तात दिसू लागताच इंटरफेरॉन-अल्फा आणि आयएल-१५ हे सायटोकाइन उसळतात, मागोमाग टीएनएफ-अल्फा, आयएल-१८. वरच्या भाऊंनी सांगितला तसा ताप येतो तो बराचसा या उसळीमुळे. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना दारं लावायला सांगतो, हे चांगलंच. पण त्याच हाकाटीने सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) जाग्या होऊन गोळा होतात, आणि एचआयव्हीला वाढायला नेमक्या त्याच हव्या असतात. चोर आला म्हणून ओरडावं आणि ज्यांच्या खिशात पैसे तेच धावत यावेत!

गंमत म्हणजे हिपॅटायटिस-बीमध्ये अशी उसळी फारशी दिसतच नाही, तरी बहुतेक प्रौढांचं शरीर तो विषाणू आवरतं. पुन्हा एचआयव्हीकडे येऊ. २०१४ साली त्याच्या माकडांतल्या भावंडावरचा, एसआयव्ही विषाणूवरचा, प्रयोग प्रसिद्ध झाला. इंटरफेरॉनचा सांगावा अडवला, तर आजार लवकर बळावला. इंटरफेरॉन संसर्गाआधीपासून टोचला, तर संसर्ग सुरुवातीला रोखला गेला. टोचतच राहिले, तर पेशींनी त्याला दाद देणं सोडलं आणि सीडी-४ जास्त घटल्या. म्हणजे तोच सांगावा वेळेवर आला तर राखण करतो, लांबला तर घात.

प्रश्न : रावेरला आमच्या घरी एक जण पॉझिटिव्ह आहे. प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर द्यावी का?

वरचं उत्तर वाचलंत ना? प्रतिकारशक्ती नुसती चेतवणं नेहमी भल्याचं नसतं. पैसे वाचवा. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या मोफत मिळतात, त्या रोज, न चुकता द्या.

प्रश्न : चोपड्यात नर्स आहे. काल वापरलेली सुई टोचली. पेशंटच्या रिपोर्टची वाट पाहू का?

ताई, तुम्हाला फोनवर सांगितलंच. इथे इतरांसाठी छापतो. वाट पाहायची नाही. पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीच्या, गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, पहिल्या काही तासांत मिळाल्या तर उत्तम, आणि पुढे २८ दिवस घ्यायच्या. पेशंट निगेटिव्ह निघाला तर डॉक्टर त्या मधेच थांबवतील.